पाणी चढायच्या आत

बाबांनी पाटबंधारे खात्यात 31 वर्षं काढली. कालव्याच्या भरावावरून सायकलने फिरायचं, गेजची पट्टी वाचायची, पाळ्या लावायच्या आणि मग टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांची बोलणी ऐकायची, कारण हेडकडचे लोक आपलं भागवून घेतात आणि टेलला पाणी पोचता पोचत नाही. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी स्वप्नात त्यांना अजून कालवा फुटलेला दिसतो. यंदा कुठे जायचं असं विचारलं तर म्हणाले, "जन्मभर टेल बघितलं पोरी. एकदा अगदी हेडला जाऊन येऊ. जिथे पाणी बर्फातून सुटतं तिथे."

त्यांचं वय 68. त्यामुळे चढण कमी आणि गाडी शेवटपर्यंत जाईल अशी जागा हवी होती, शिवाय उंचीही हळूहळू वाढायला हवी. शोधून शोधून मी लडाखमधल्या झांस्करवर आले. कारगिलहून सुरू नदीच्या काठाने वर जायचं, पेन्सी ला ही खिंड ओलांडायची ('ला' म्हणजे खिंडच), पदुमला उतरायचं आणि मार्च 2024 मध्ये जोडल्या गेलेल्या नव्या रस्त्याने शिंकू लावरून हिमाचलच्या लाहौलमध्ये बाहेर पडायचं. 2024 च्या जुलैत आम्ही दोघं निघालो. बाबांच्या पिशवीत औषधांशेजारी काचेच्या दहा छोट्या बाटल्या होत्या, चिकटवायच्या कोऱ्या पट्ट्यांसकट. कशाला, ते मी विचारलं नाही.

पहिला दिवस, 7 जुलै : श्रीनगर ते कारगिल

पहाटे पाचला निघालो. गाडी कारगिलच्या एका चाचांची होती. साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे, आरशातून सतत बाबांवर लक्ष ठेवणारे. सोनमर्गपर्यंत देवदार, कुरणं, सिंध नदीचा फेसाळ आवाज. खाली बालतालला अमरनाथ यात्रेकरूंचे तंबू पसरले होते.

झोजी ला उंचीला 3,528 मीटर, म्हणजे हिमालयाच्या मानाने बेताचीच. पण एवढा फरक करणारी खिंड मी दुसरी पाहिलेली नाही. अलीकडच्या उतारावर झाडं दाटलेली. पलीकडे पाच-सात वळणांत सगळं संपतं आणि उघडे, गंजलेल्या रंगाचे डोंगर सुरू होतात. पावसाळी ढग अलीकडेच रिते होतात. पुढच्या मुलखात पाऊस जवळजवळ नाहीच, लेहला तर वर्षाकाठी साधारण 100 मिलिमीटर. बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे इथलं धरण वर आहे. डोक्यावर."

द्रासला कारगिल युद्धाच्या स्मारकापाशी थांबलो. तिथे उभं राहून समोरच्या तोलोलिंगकडे नुसतं पाहिलं, बोललो नाही.

कारगिलमध्ये खोलीच्या खिडकीखाली सुरू नदी होती. रंग सिमेंट कालवल्यासारखा. बाबांनी खाली उतरून पहिली बाटली भरली आणि पट्टीवर लिहिलं : सुरू, कारगिल, सायं. 6.

दुसरा दिवस, 8 जुलै : कारगिल ते पानिखर

सकाळी पाहिलं तर बाटलीच्या तळाशी राखाडी गाळाचा पातळ थर बसला होता, पण वरचं पाणी गढूळच. आपल्या नद्यांचा पुराचा गाळ तांबडा-काळा असतो आणि तासाभरात बसतो. हे वेगळं होतं. बोटावर चोळलं तर टाल्कम पावडर. हिमनदी म्हणजे साचून राहिलेला बर्फ नव्हे. स्वतःच्या वजनाने ती उतारावरून सरकत असते, तळाला अडकलेले दगड खडकावर घासत नेते आणि त्या घर्षणातून दगडाचं इतकं बारीक पीठ पडतं की ते पाण्यात तरंगतच राहतं. दगडाचं जातं, दगडाचंच दळण. हे मी शाळेत भूगोलात शिकले होते, पण बोटाला ते पहिल्यांदा कळलं.

आजचा प्रवास 70 किलोमीटरच्या आतला, मुद्दाम ठेवलेला. सुरूचं खोरं या दिवसांत हिरवंगार असतं : विलोच्या रांगा, पॉप्लर, मटारची फुलं, सातूची शेतं. मुहर्रम लागला होता, गावोगावी काळे झेंडे उभे होते. सांकूजवळ कारत्से खारला खडकात कोरलेला उभा मैत्रेय बुद्ध आहे, शेकडो वर्षांपूर्वीचा. आजूबाजूची सगळी वस्ती मुसलमानांची. वाट दाखवायला आलेल्या मुलाने आधी पाटातलं पाणी दाखवलं, मग मूर्ती.

पानिखरला संध्याकाळी ढग फाटले आणि नुन दिसलं. 7,135 मीटर. शेजारचं कुन 7,077. एवढी उंची इतक्या जवळून बघताना मान मागे टाकावी लागते. नुनवर माणूस पहिल्यांदा पोचला 1953 मध्ये. बर्नार्ड पिएर यांच्या मोहिमेतली दोघं शिखरावर गेली, फ्रान्सच्या क्लोद कोगान आणि लेहमध्ये राहणारे स्विस मिशनरी पिएर व्हितोझ. एका बाईचं पाऊल पहिल्याच चढाईत तिथे पडलं, हे वाचल्यापासून मला ते शिखर बघायचं होतं. ढग पुन्हा मिटेपर्यंत मी अंगणात उभी राहिले.

तिसरा दिवस, 9 जुलै : पानिखर ते रंगदुम

चाचांनी पहाटे साडेचारला दार वाजवलं. अंतर काही फार नव्हतं, मग एवढी घाई का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बेटा, यहाँ घड़ी बर्फ की चलती है. बारह के बाद हर नाले में पानी चढ़ता है. हमें उससे पहले निकलना है."

बाबांना ते क्षणात कळलं. रात्री थंडीने वितळणं थांबतं, म्हणून पहाटे नाले सर्वांत कमी. दिवसभर ऊन बर्फावर काम करतं, पण ते पाणी उतरून खाली यायला वेळ लागतो, म्हणून खरा लोंढा दुपारनंतर. "रोजचं आवर्तन," बाबा म्हणाले. "रोज सोडतं, रोज बंद करतं. आणि कुणी गेट फिरवायला नाही."

पार्काचिकला पोचलो तेव्हा ऊन नुकतंच शिखरांवर होतं. नुन-कुनच्या अंगावरून एक हिमनदी थेट सुरूच्या पात्राकडे उतरते आणि रस्ता तिच्या समोरच्या काठाने जातो. मध्ये फक्त नदी. आधी दिसतो तो मळका, दगडगोट्यांनी भरलेला ढीग. खाणीचा कचरा वाटावा असा. मग डोळे सरावतात आणि कळतं की त्या कचऱ्याखाली सगळा बर्फ आहे. तुटलेल्या कडांवर तो निळा दिसतो. वर्षानुवर्षांच्या दाबाखाली त्यातली हवा पिळून निघते, मग आत शिरलेल्या उजेडातला तांबडा भाग बर्फ शोषून घेतो आणि निळा तेवढा बाहेर येतो.

आम्ही तिथे दोन तास बसलो. पहिला तास शांत. मग ऊन बर्फाच्या तोंडावर आलं आणि आवाज सुरू झाले. आधी ठिबक, मग गोटे घरंगळल्याचा खडखड, आणि साडेआठच्या सुमारास बंदुकीसारखा एक बार. पाहीपर्यंत बैलगाडीएवढा तुकडा सुटून खाली आला होता.

देहरादूनच्या वाडिया संस्थेच्या संशोधकांनी या हिमनदीचा अभ्यास केलेला आहे. 1971 ते 1999 या काळात ती वर्षाला सरासरी 2 मीटर मागे हटत होती, 1999 ते 2021 मध्ये सुमारे 12 मीटर. हे आकडे मी निघण्यापूर्वी वाचले होते आणि बाबांना सांगितले. ते उठले, रस्त्याच्या कडेने मोजून बारा ढांगा टाकल्या, वळून माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत. बाटली भरायला चाचा स्वतः खाली नदीपर्यंत गेले, बाबांना जाऊ दिलं नाही.

दुपारी रंगदुम. खोरं अचानक सपाट होतं, नदी दहा-बारा धारांत पांगते आणि मधल्या टेकाडावर अठराव्या शतकातला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, उभा आहे. उंची 4,000 मीटरच्या आसपास. इथून पुढे काळे झेंडे संपले, पताका सुरू झाल्या आणि पहिलं 'जुले', म्हणजे इथला नमस्कार, ऐकू आलं. बाबांचं डोकं दुखत होतं, ऑक्सिजन 82 दाखवत होता. मी रात्रभर दर दोन तासांनी उठून त्यांचं बोट तपासलं आणि आकडा खाली गेला तर अंधारातच परत फिरायचं असं चाचांशी ठरवून ठेवलं. चाचा गाडीतच झोपले, चावी लावून ठेवलेली. पहाटे आकडा 86 झाला, डोकं उतरलं आणि बाबांनी स्वतःहून चहा मागितला. तो चहा मिठाचा, लोणी घातलेला होता. त्यांनी दोन वाट्या घेतल्या.

चौथा दिवस, 10 जुलै : पेन्सी लावर

आज हेड.

रंगदुमहून खिंडीची चढण सौम्य आहे. उन्हाला बसलेले मारमोट गाडीच्या आवाजाने शिटी मारून बिळात शिरत होते. माथ्याच्या अलीकडे दोन छोटी तळी आहेत, स्तात छो आणि लांग छो, इतकी स्थिर की डोंगर उलटा पाहून घ्यावा. माथा सुमारे 4,400 मीटर. इथे पाणी दुभंगतं. मागे उतरणारं सुरूला मिळतं, पुढे उतरणारं स्तोद नदीला. सुरू कारगिलवरून पुढे नियंत्रण रेषेपलीकडे जाऊन सिंधूला मिळते. स्तोदचं पाणी झांस्कर नदीत जातं आणि ती निम्मूला सिंधूत शिरते. एकाच खिंडीवरून पाठ फिरवून निघालेली ही पाणी शेकडो किलोमीटर हिंडून पुन्हा एकाच पात्रात येतात. बाबांनी माझ्या वहीत त्याचा नकाशा काढला, कालव्याचा काढतात तसा, वितरिका-बाणांसकट.

आणि मग एका वळणावर द्रांग द्रुंग.

ही हिमनदी लांबीला सुमारे 23 किलोमीटर. वरच्या शिखरांच्या कुशीतून निघून मोठा वळसा घेत ती खाली येते आणि अंगावर लांबच लांब काळे पट्टे आहेत, अगदी समांतर. दोन हिमनद्या एकत्र येतात तेव्हा त्यांच्या कडांचे दगड मधोमध येतात आणि तसेच पट्ट्याने पुढे वाहत जातात. मराठी पुस्तकात त्याला मध्य हिमोढ म्हणतात. परीक्षेसाठी पाठ केलेला तो शब्द इथे मैलभर रुंद होऊन समोर पसरला होता. हिमनदी या शब्दात नदी आहे ती उगाच नाही : त्या पट्ट्यांवरून तिचं वाहणं दिसतं. संगम दिसतात, वळणावर बाहेरच्या बाजूला पडलेल्या भेगा दिसतात. फक्त आपण बघत असतो तेवढ्या वेळात ती हलत नाही.

तिच्या तोंडाशी आता तळं आहे. पूर्वी बर्फ जिथपर्यंत होता तिथे हे पाणी गेल्या काही दशकांत साचलेलं. वरून ते सुंदरच दिसतं, हिरवट-राखाडी, कडेला सुटलेले हिमखंड. सुंदर दिसतं याचाच मला त्रास झाला. बर्फाच्या अंगावर धुळीची साय होती. दगडांचा जाड थर असला तर तो गोधडीसारखा बर्फाला उन्हापासून वाचवतो, पण धूळ-काजळीचा पातळ थर उलटं करतो, ऊन शोषून बर्फ वितळवतो. गेल्या वर्षी माझ्यासारख्यांच्या किती गाड्या या वळणावर थांबल्या असतील, असा विचार आला आणि तो गेला नाही. आमच्या गाडीचा धूरही त्यातलाच.

बाबा एका दगडावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. खूप वेळाने म्हणाले, "गेज नाही, गेट नाही, खातं नाही. आणि एवढी शेतं भिजतात." त्यांचे डोळे भरले होते. वाऱ्यामुळे असेल म्हणून मी दुसरीकडे पाहिलं, पण माझेही भरले होते.

चाचांनी दोनदा घड्याळ दाखवलं. तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत. उठवत नव्हतं, हे खरं आहे, आणि उशीर माझ्यामुळे झाला. निघालो तेव्हा एक वाजून गेला होता. आबरन गाव मागे टाकून थोडं पुढे गेलो तर रस्त्यावरून नाला वाहत होता. पाणी गढूळ, वेगवान आणि आत दगड एकमेकांवर आपटल्याचा दबका आवाज. सकाळी, चाचा म्हणाले, इथून माणूस चालत जातो. पलीकडे एक ट्रक थांबला होता, त्याचा ड्रायव्हरही आमच्याकडे बघून हात हलवत होता : नको. बाबांनी काठावर एक दगड उभा केला आणि अर्ध्या तासाने पाहिलं तर दगड पाण्याखाली गेलेला. अजून चढत होतं.

चाचांनी गाडी वळवली. मला रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.

आबरनमध्ये एका घराने आम्हाला ठेवून घेतलं. घरच्या वडीलधाऱ्या बाईंना, आमा-लेंना, हिंदी येत नव्हतं, त्यांच्या सुनेला चांगलं येत होतं. चुलीशेजारी बाबांना जागा दिली, गरम थुकपा दिला. बाबांनी हातवारे करून शेताला पाणी कसं देता हे विचारलं आणि त्या क्षणापासून मी त्या संभाषणात उरले नाही. सून सांगत होती, बाबा विचारत होते. डोंगरातून आणलेल्या पाटाला युरा म्हणतात. पाळी ठरवायला गाव एक माणूस नेमतं, लडाखमध्ये त्याला चुरपोन म्हणतात, आणि त्याचा शब्द शेवटचा. बाबा उठूनच बसले. "म्हणजे माझीच नोकरी की!"

पाचवा दिवस, 11 जुलै : आबरन ते पदुम

मी उठले तर बाबा अंथरुणात नव्हते. धावत बाहेर आले. उजाडत होतं, हाडं गोठवणारी थंडी, आणि बाबा शेताच्या बांधावर आमा-लेंच्या शेजारी उभे. त्या हातातल्या फावड्याने गवताचं एक ढेकूळ दगडासह उचलून पाटाच्या तोंडातून बाजूला करत होत्या. पाणी सातूच्या वाफ्यात शिरलं. वाफा भिजला की तेच ढेकूळ परत तोंडाला आणि पुढचं तोंड उघडायचं. दारं धरणं. अगदी तेच. तिसरं दार आमा-लेंनी बाबांना धरू दिलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि काही अडत नव्हतं.

नाला साडेपाचला ओलांडला. चाक अर्धंही बुडलं नाही. बाबांनी काल उभा केलेला दगड कोरडा, जागच्या जागी.

पदुमच्या अलीकडे सानीचा गोंपा आणि त्याच्या आवारातला कनिका स्तूप पाहिला, लोक त्याचा संबंध कनिष्काशी जोडतात. दुपारी चाचांचा निरोप घेतला. आशुराच्या, म्हणजे मुहर्रमच्या दहाव्या दिवसाच्या, आधी त्यांना घरी पोचायचं होतं, हे आधीपासून ठरलेलं. बाबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. चाचा मला म्हणाले, "अब्बा को सुबह ही निकालना."

सहावा दिवस, 12 जुलै : कुमिक

सकाळी समोरच्या डोंगरावर चढत गेलेला कार्शा गोंपा झाला, झांस्करमधला सर्वांत मोठा. पण आजचा दिवस कुमिकचा.

कुमिक झांस्करमधल्या फार जुन्या गावांपैकी एक. डोंगराच्या कुशीत, वरच्या बर्फातून येणाऱ्या एका ओढ्यावर वसलेलं. वरचं बर्फ कमी होत गेलं तसा ओढा आटला. पेरणीच्या वेळी पाणी नाही, मग जनावरं कमी करायची, मग काही शेतं पडीक सोडायची. 2000 सालच्या सुमारास गावाने निर्णय घेतला : गाव खाली, नदीजवळच्या माळावर हलवायचं. नव्या जागेचं नाव मारथांग. नदीवरून कालवा खणावा लागला.

आम्ही आधी खालचं गाव पाहिलं. विलोची कोवळी झाडं, प्रत्येकाभोवती दगडांचं आळं. वारा इतका की झाडं एकाच दिशेला वाकलेली. मग वर गेलो. जुन्या कुमिकमध्ये अजून काही घरं जागी आहेत. एका पडीक शेताच्या बांधावर बाबा थांबले. वाफ्यांच्या सऱ्या अजून दिसत होत्या. पाटाचं तोंड होतं, तोंडाला लावायचा दगडही शेजारीच होता, कुणीतरी नेहमीच्या जागी ठेवलेला. पाट कोरडा.

बाबा म्हणाले, "टेलला पाणी नाही पोचलं तर माणूस भांडायला येतो. इथे भांडायला जायचं कुणाकडे?"

मला उत्तर सुचलं नाही. कारखाने, गाड्या, विमानं आणि धूर यांतलं काहीच या गावाने केलेलं नाही. मी त्या दिवशी फोटो काढले नाहीत.

सातवा दिवस, 13 जुलै : झांगला

विश्रांतीचा दिवस. दुपारपर्यंत झांगलाला जाऊन आलो. तिथल्या जुन्या राजवाड्यात शांडोर कोरोशी चोमा हा हंगेरियन अभ्यासक 1823-24 मध्ये सोळा महिने एका लामांजवळ तिबेटी शिकला. 1834 मध्ये कोलकात्याला त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश छापला गेला. खोली इतकी लहान की दोन माणसं बसली तर तिसऱ्याला दारात उभं राहावं लागेल. वाटेत स्तोद आणि त्साराप यांचा संगम लागला, जिथून पुढे नदीचं नाव झांस्कर. बाटली क्रमांक सात.

आठवा दिवस, 14 जुलै : पुर्ने आणि फुगताल

नवी गाडी, नवा ड्रायव्हर, पदुमचाच तरुण मुलगा. पहाटे पाचला निघायचं सांगितलं तर हसला, तो साडेचारलाच आला होता. पुर्नेला त्साराप आणि कारग्याक या नद्या मिळतात. बाबा तिथेच थांबले, मी फुगतालला चालत गेले. वाट त्सारापच्या कड्याने जाते, एका बाजूला सरळ दरी. शेवटच्या वळणापर्यंत काही दिसत नाही, आणि मग कड्यातली प्रचंड गुहा आणि तिच्या तोंडाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा लगडलेला मठ. गुहेत आत एक झरा आहे. ओंजळभर पाणी प्यायले : स्वच्छ, दगडाचं पीठ नसलेलं.

परतले तेव्हा बाबा नदीकाठी एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलत होते. 2014 च्या 31 डिसेंबरला वर दरड कोसळून नदी अडली होती, कित्येक किलोमीटर लांब तळं साचलं. सैन्याने आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या लोकांनी वाट करून द्यायचा प्रयत्न केला, शेवटी 7 मे 2015 ला बांध फुटला आणि खालचे पूल वाहून गेले. म्हाताऱ्यांनी काठावरची एक रेघ दाखवली, माझ्या डोक्याच्या खूप वर. बाबांनी त्यांना तीन-चारदा विचारलं, फुटायच्या आधी पाण्याचा रंग बदलला होता का. रात्री ते नीट झोपले नाहीत.

नववा दिवस, 15 जुलै : शिंकू ला

कारग्याक गावापुढे गोंबो रांगजोन हा एकसंध खडकाचा पवित्र डोंगर एकटाच उभा आहे. चहूबाजूंनी कुरण, याक, रानफुलं. ड्रायव्हरने गाडी थांबवून हात जोडले, आम्हीही जोडले.

शिंकू ला 5,091 मीटर. माथ्यावर बर्फ होतं, रस्त्याच्या कडेला कापलेल्या भिंतीसारखं. त्यात थर दिसत होते, पांढरा आणि मळका आलटूनपालटून. बाबा गाडीतून उतरले, भिंतीला तळहात टेकवला आणि हात बधिर होईपर्यंत काढला नाही. आयुष्यातलं पहिलं बर्फ. ऑक्सिजन 79 होता, म्हणून दहाच मिनिटं थांबून खाली निघालो. या खिंडीखालून 4.1 किलोमीटरचा बोगदा होतोय. आम्ही घरी पोचल्यावर, 26 जुलैला, त्याचा पहिला सुरुंग उडाला. झांस्करला हिवाळ्यात आजारी माणूस बाहेर काढायचा म्हणजे काय, हे पुर्नेच्या घरात ऐकलं होतं. बोगदा त्यांना हवाच आहे. गाड्या त्यानंतर किती येतील, तेही त्यांना माहीत आहे.

दुपारी एकच्या आत सगळे नाले मागे पडले. मुक्काम जिस्पाला, भागा नदीच्या काठी.

दहावा दिवस, 16 जुलै : तांदी

केलाँगच्या पुढे तांदीला चंद्रा आणि भागा मिळतात. इथून ती चंद्रभागा, पुढे चिनाब. पंचांगात आज दशमी, पालख्या पंढरपुरात शिरल्या असतील. ती चंद्रभागा वेगळी, भीमेची, हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी चपला काढून ते पाण्याकडे गेले, पाणी डोळ्यांना लावलं आणि दहावी बाटली भरली.

घरी आल्यावर बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्या आहेत. बाकी सगळ्या दोन-चार दिवसांत निवळल्या. पार्काचिकची निवळायला अकरा दिवस लागले. बाबा रोज पहाटे उठून तिच्यावर तारीख आणि गाळाची उंची लिहीत होते, मिलिमीटरमध्ये.